घोडेस्वारासाठी हाफ चॅप्स : मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

माझी भाची घोडेस्वारी शिकायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. रविवारी घरी आली, जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाली, "मामा, हे बघ." दोन्ही पोटऱ्यांच्या आतल्या अंगाला, गुडघ्याखाली चार बोटांवर, हिरवे-निळे वळ उठले होते. दुडक्या चालीत उठबस करताना रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा दर पावलाला तिथं घासतो. जीन्सची जाड शिवणही नेमकी त्याच जागी येते, आणि पट्टा व शिवण यांच्यामध्ये कातडी चिमटत राहते. पोरीला घोडा सोडायचा नव्हता, फक्त वेदना नको होती.

मी बॅगा आणि पट्टे शिवणारा माणूस. तिच्यासाठी केलेली हाफ चॅप्सची, म्हणजे पोटरीवर चढवायच्या चामड्याच्या आवरणाची, पहिली जोडी बिघडली, दुसरी बरी जमली. त्यानंतर तिच्या सोबतच्या मुलामुलींसाठी करत गेलो. त्या सगळ्या जोड्यांमधून हाती आलेलं इथं लिहितोय. चामड्याला कधी हात लावलेला नसेल तर आधी एखादा पट्टा, एखादं पाकीट शिवून बघा. टाका सरळ पडू लागला की याकडे वळा.

कोणते चॅप्स

चॅप्स हा शब्द स्पॅनिश 'चापारेरास'चं छोटं रूप. मेक्सिकोतले गुरं राखणारे घोडेस्वार काटेरी रानातून जाताना पाय सोलवटू नयेत म्हणून पँटवरून चामड्याचं आवरण बांधत. तिथून ते अमेरिकेतल्या काउबॉयकडे गेलं. त्याचे प्रकार बरेच. कमरेपासून घोट्यापर्यंत नळीसारखे येणारे ते शॉटगन. पंख्यासारखे रुंद, बाजूला फडफडणारे ते बॅटविंग. गुडघ्याच्या थोडं खाली संपणारे, झालरवाले ते चिंक्स. आणि गुडघ्याखालून घोट्यापर्यंतचे ते हाफ चॅप्स, जे आखूड बुटावर घालतात.

नागपुरात मी हाफ चॅप्सच सुचवतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं, आणि मांडीवर दोन मिलिमीटर जाडीचं चामडं गुंडाळून कुणी आनंदानं घोड्यावर बसत नाही. क्लबमध्ये शिकवतात तेही इंग्लिश पद्धतीच्या सपाट खोगिरावर. तिथं पायाचा जो भाग घासतो तो हाफ चॅप्सनं पूर्ण झाकला जातो. बाभूळबनातून, बोरी-घाणेरीच्या झुडपांतून लांब रपेट मारणाऱ्यांना मात्र पूर्ण चॅप्स लागतात. त्याबद्दल शेवटी थोडं सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. चॅप्सनं मांड पक्की होत नाही, ती सरावानंच होते. चॅप्सचं काम दोन गोष्टींपुरतं : कातडी वाचवायची आणि पोटरी खोगिराच्या अंगाला स्थिर ठेवायची.

माप

बहुतेक जोड्या इथेच बिघडतात. माझी पहिलीही इथेच बिघडली. भाचीला उभं करून, सकाळी, अनवाणी पायाचं माप घेतलं होतं. चॅप्स उभ्यानं सुंदर बसले. घोड्यावर बसल्यावर वरची कड गुडघ्याच्या मागच्या खोबणीत रुतली आणि घोट्याशी झिप लागेना, कारण तिथं बूट होता.

म्हणून माप नेहमी बसवून घ्यायचं. स्वाराला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. अंगावर स्वारीचीच ब्रीचेस (तंग विजार) आणि पायात स्वारीचाच आखूड बूट. वेळ शक्यतो संध्याकाळची, रपेट झाल्यानंतरची, कारण दिवसभरात पोटऱ्या थोड्या फुगतात. दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घ्या. एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा अर्धा-एक सेंटीमीटर जाड असणं अगदी सामान्य आहे, आणि घट्ट बसणाऱ्या वस्तूत तेवढा फरक जाणवतो.

घेर मोजायचे ते असे : गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, तिथून दर पाच सेंटीमीटरवर खाली, पोटरीच्या सगळ्यात जाड जागी, आणि घोट्याच्या वर बुटासकट. उंची दोन ठिकाणी. पुढून गुडघ्याच्या वाटीखालून बुटाच्या वाकापर्यंत. मागून गुडघ्याच्या खोबणीच्या दोन बोटं खालून टाचेच्या वरच्या कडेपर्यंत. पुढची उंची मागच्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त येते आणि तशीच यायला हवी.

आलेल्या उंचीत दीड ते दोन सेंटीमीटर वाढवा. नवं चामडं दहा-बारा रपेटींत घोट्याशी चुण्या पडून खाली बसतं. पहिल्या दिवशी अगदी बरोबर वाटलेले चॅप्स महिन्याभरात आखूड होतात. हे स्वाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर "मागे टोचतंय" म्हणून तो दुसऱ्याच दिवशी परत घेऊन येतो.

टेपचा साचा

आकड्यांवरून कागदावर आकृती काढता येते, पण पोटरीचा बाक आकड्यांत नीट उतरत नाही. त्यामुळे मी पायावरच साचा काढतो. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ब्रीचेस आणि बुटावरून दोन वेढे गुंडाळायची, आणि त्यावर रंगकाम करताना वापरतात ती कागदी मास्किंग टेप. एक थर आडवा, दुसरा तिरपा. टेप ओढून लावायची नाही, नुसती टेकवत जायची. ओढलीत तर पोटरी दबते आणि साचा लहान येतो.

आता त्यावर स्केचपेननं तीन रेघा मारा. पहिली नडगीच्या हाडावरून, वरून खाली. दुसरी तिच्यापासून दोन सेंटीमीटर बाहेरच्या अंगाला. ही पुढची शिवण. ती थेट हाडावर आली तर टोचते, आणि आतल्या बाजूला आली तर रिकिबीच्या पट्ट्याखाली सापडते. तिसरी रेघ झिपची : बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं मागून सुरू होऊन पोटरीच्या मागच्या-बाहेरच्या अंगानं वर जाणारी. झिपच्या रेघेवरून कात्रीनं कापताना आत एक प्लास्टिकची पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे ब्रीचेसला कात्री लागणार नाही. साचा सोडवून दुसऱ्या रेघेवरून कापला की दोन तुकडे होतात : मोठा आतला, लहान बाहेरचा.

हे तुकडे सपाट होत नाहीत, पोटरीच्या जागी फुगून राहतात. कडेपासून आत दोन-तीन लहान काप द्या, ते आपोआप उघडतील. उघडलेली जागा तशीच ठेवून पुठ्ठ्यावर आखून घ्या.

पुठ्ठ्यावर हिशोब करायचा तो असा. समजा पोटरीचा घेर ३८ सेंटीमीटर आहे. मागच्या बाजूला झिपलगत वरपासून खालपर्यंत इलॅस्टिक येणार, त्याची दिसणारी रुंदी अडीच. बंद झिपची दिसणारी रुंदी एक. शिवाय चॅप्स अंगासरशी बसावेत म्हणून एक सेंटीमीटर कमी. असे साडेचार सेंटीमीटर आतल्या तुकड्याच्या मागच्या कडेवरून उतरवा. चामडं उरलं साडेतेहेतीस. घोट्याशी मात्र तो शेवटचा एक सेंटीमीटर कमी करायचा नाही. पोटरी दबते, बूट दबत नाही. वरून खाली येताना हा फरक हळूहळू मिटवत आणा.

शिवणीसाठी वाढ : आतल्या तुकड्याला पुढच्या कडेला एक सेंटीमीटर, कारण ती कड बाहेरच्या तुकड्याखाली जाणार. झिपच्या आणि इलॅस्टिकच्या कडेला आठ-आठ मिलिमीटर, ती आत दुमडायला. बाकी कुठेही वाढ नको.

मांजरपाटाची चाचणी

हा टप्पा गाळायचा मोह होतो. गाळू नका. जाड मांजरपाट किंवा जुनी जीन्स घेऊन, झिप आणि इलॅस्टिक कच्चं टाचून एक पाय शिवा. स्वाराला घालायला लावा आणि खुर्चीवर बसवा, उकिडवं बसवा, जिना चढायला लावा. शक्य असेल तर रिकाम्या खोगिरावर बसवून बघा. सोफ्याच्या हातावर खोगीर ठेवून हे घरातसुद्धा जमतं. कापड कुठं ताणतंय, कुठं झोळ पडतोय ते पेन्सिलीनं कापडावरच लिहा. मग पुठ्ठा दुरुस्त करा.

चामडं निवडताना

चामडं कमावायच्या मुख्य दोन पद्धती. झाडांच्या सालींनी केलेलं, म्हणजे आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच कमावतात. दुसरी क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची. पट्ट्याला, चपलेला सालीचं चामडं उत्तम. हाफ चॅप्सला मात्र क्रोमचंच घ्या. कारण घाम. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो, आणि त्यात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं. घोडा घामेजला की मानेवर, तंगाच्या (खोगीर बांधायच्या पट्ट्याच्या) आसपास पांढरा फेस दिसतो तो त्यामुळेच. सालीचं चामडं हा खारट ओलावा पिऊन काळवंडतं आणि वाळल्यावर कडक होतं. क्रोमचं मऊ राहतं.

ओळखायचं कसं? कडेला एक बारीक काप देऊन आत बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा बहुधा निळसर-राखाडी दिसतो, सालीच्या चामड्याचा तपकिरी. वर पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं चामडं तो चटकन पिऊन गडद होतं.

आपल्या राज्यात मिळणारं जाड चामडं बहुतेक म्हशीचं असतं. ते दणकट, पण त्याचा दाणा मोठा आणि पोटाकडचा भाग पोकळ. मी बाहेरच्या थराला १.४ ते १.६ मिलिमीटर जाडीचं मऊ चामडं वापरतो. पोटरीच्या आतल्या अंगावर पकडीसाठी वरून एक थर सुएडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा, सुमारे एक मिलिमीटरचा. बकरीचं चामडं दिसायला देखणं, पण रिकिबीच्या पट्ट्याखाली फार दिवस टिकत नाही.

चामडं चौरस फुटावर मिळतं. प्रौढ माणसाच्या एका जोडीला सात-आठ चौरस फूट धरा, त्यात वाया जाणारंही आलं. इलॅस्टिक, झिप, टिचबटणं, बकल ही बारीकसारीक खरेदी इथल्या इतवारी-गांधीबागेच्या बाजारात फिरून होते. मनासारखं चामडं मात्र मी मुंबईहून धारावीतून किंवा कानपूरहून मागवतो. कानपूर खोगीर आणि घोड्याच्या साजासाठीच नावाजलेलं आहे, त्यामुळे 'घोड्याच्या कामाला हवंय' एवढं सांगितलं की समोरच्याला नेमकं काय हवं ते कळतं.

चामडं आलं की उजेडात पसरा आणि हाताच्या तळव्यानं सगळं चाचपा. गोचिडांचे खड्डे, शिंगाचे ओरखडे, डागणीच्या खुणा यांच्याभोवती चंदेरी पेननं गोल करा. हे दोष बाहेरच्या तुकड्याच्या खालच्या भागात चालतात. शिवणीवर आणि दुमडीवर अजिबात नकोत, चामडं तिथूनच फाटायला लागतं.

कापणी

पाठीच्या कण्याच्या दिशेनं चामडं कमी ताणतं, आडवं जास्त. पुठ्ठा ठेवताना चॅप्सची उंची कण्याला समांतर ठेवा, म्हणजे ते लांबीला ओघळणार नाहीत. दोन्ही पायांचे आतले तुकडे एकमेकांशेजारच्या भागातून काढा. एक पाठीतून आणि एक पोटातून काढलात तर सहा महिन्यांत एक पाय ढिला आणि एक घट्ट.

आणि कात्री लावण्याआधी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'डावा' आणि 'उजवा' लिहा. दुसऱ्या पायाचा पुठ्ठा उलटून ठेवायचा असतो. मी एकदा रात्री उशिरा दोन्ही डावेच कापले. चार चौरस फूट चांगलं चामडं गेलं. तेव्हापासून चारही तुकडे आधी आखून, एकमेकांकडे तोंड करून आहेत ना ते पाहतो, आणि मगच कापतो.

रापी आणि टाका

सपाट असताना करता येणारं सगळं काम आधी उरकून घ्या. एकदा नळी झाली की आत हात जात नाही.

सगळ्यात आधी सुएडचा थर. आतल्या तुकड्यावर, वरच्या कडेखाली पाच सेंटीमीटरपासून खालच्या कडेच्या वर आठ सेंटीमीटरपर्यंत. कोपरे गोल करा. कडा रापीनं (चामडं तासायच्या रुंद पात्यानं) पातळ करून चिकटवा आणि कडेपासून तीन मिलिमीटरवर सगळीकडून टाका घाला.

रापी हे अवजार मी सीताबर्डीच्या फुटपाथवर बसणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडून शिकलो. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. माझी रापी चामड्यात रुतायची, मग मी अजून जोर लावायचो. ते म्हणाले, "काहून दाबून राह्यला रे बाप्पा? सरकू दे तिले. धार जिती असन तं चामडं आपोआप सुटते." मग माझ्या हातून रापी घेतली, दगडावर दहा-बारा वेळा फिरवली, जुन्या पट्ट्याच्या मागच्या बाजूवर पुसली, आणि चामड्याच्या कडेवर जवळजवळ आडवी टेकवून सरळ पुढं नेली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी अख्खी फीत वळत वळत बाहेर आली, मधे कुठं तुटली नाही. आजही रापी अडखळली की मी हात थांबवतो आणि दगड शोधतो.

पुढच्या शिवणीची कड, म्हणजे आतल्या तुकड्याची वाढीव एक सेंटीमीटर पट्टी, निम्म्या जाडीवर आणा. झिप आणि इलॅस्टिककडच्या आठ मिलिमीटरच्या कडाही तशाच पातळ करा, सोल्यूशन (चामडं चिकटवायचा गोंद) लावून आत दुमडा आणि हातोडीनं हलके ठोका. सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि बोट चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं. मे महिन्यात हे चार-पाच मिनिटांत होतं, पावसाळ्यात वीस मिनिटंही लागतात. घड्याळ पाहू नका, बोट लावून पाहा. आणि कूलरच्या झोताखाली बसून हे काम करू नका. ओलसर हवेनं सोल्यूशनवर साय धरते, चिकटल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांत सुटतं.

आता पुढची शिवण. आतल्या तुकड्याची पातळ कड खाली, बाहेरच्या तुकड्याची कड वर, एक सेंटीमीटर एकमेकांवर. वरची कड नेहमी बाहेरच्या तुकड्याची, म्हणजे तिची धार आतल्या बाजूच्या रिकिबीच्या पट्ट्याला अडकत नाही. दोन ओळी टाके : एक कडेपासून तीन मिलिमीटरवर, दुसरी आठवर.

ही शिवण मी हातानं घालतो, दोन सुयांचा खोगिरी टाका. त्याचं कारण साधं. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की ओळ उसवत जाते. खोगिरी टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून जातो, म्हणून एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू पकडून राहते. शिवण जितकी लांब, त्याच्या चौपट दोरा घ्या. ०.८ मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा मेणदोरा पुरेसा. दात असलेल्या छिन्नीनं चार मिलिमीटरच्या अंतरानं भोकं पाडा, आणि चामडं एकावर एक चिकटलेलं असतानाच पाडा.

टाका घालताना क्रम मोडू नका. उजवी सुई आधी, तर शेवटपर्यंत उजवीच आधी. दुसरी सुई त्याच भोकातून, पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूनं, दोऱ्याला न भोसकता. मग दोन्ही दोरे सारख्याच जोरानं, सारख्याच तिरक्या कोनात ओढा. एका टाक्याला वर आणि पुढच्याला आडवं ओढलंत तर ओळ वाकडी दिसते, आणि ते दुरुस्त करायला उसवण्याशिवाय मार्ग नाही. शेवटी तीन टाके मागे येऊन दोरा कापा आणि टोक उष्णतेनं दाबा. मग सगळी शिवण हातोडीनं हलके ठोकून बसवा. बोट फिरवलं तर नडगीवर उंचवटा लागता कामा नये.

झिप आणि इलॅस्टिक

झिप जॅकेटची असते तशी, खालून पूर्ण सुटणारी हवी. धातूच्या किंवा जाड प्लास्टिकच्या दातांची, आठ किंवा दहा नंबरची. इथं पैसे वाचवू नका. मी एकदा एका दुकानातून स्वस्त झिपांचा गठ्ठा घेतला. दोन महिन्यांत तीन जोड्यांचे रनर सुटले आणि तिन्ही जोड्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या. झिप लांब असेल तर वरच्या टोकानं कमी करा. खालची पेटी (जिच्यात दुसरी बाजू अडकवतात ती) असलेलं टोक कापलं तर झिप फुकट गेली.

इलॅस्टिक पाच सेंटीमीटर रुंद घ्या. एक सेंटीमीटर चामड्याखाली जातं, दीड झिपच्या कापडाशी जोडायला, मधे अडीच मोकळं. क्रम असा : आतला तुकडा, त्याला इलॅस्टिक, इलॅस्टिकला झिपची एक बाजू, आणि झिपची दुसरी बाजू बाहेरच्या तुकड्याला. शिवताना इलॅस्टिक ताणू नका, कड नागमोडी होते. झिप बंद करून दोन्ही कापडांवर दर पाच सेंटीमीटरला आडव्या खुणा करा आणि तशाच खुणा चामड्याच्या कडेवर. शिवताना खुणा जुळवत गेलं की एक बाजू वर, एक खाली असं होत नाही.

चिकटवायला झिपजवळ सोल्यूशन नको, दातांत गेलं की काम संपलं. तीन मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी वापरा.

ही शिवण मशीनवर बरी होते, पण घरच्या शिलाई मशीनवर नाही. ते चामडं पुढं ढकलू शकत नाही आणि टाके एका जागी गोळा होतात. गाड्यांची सीट-कव्हरं शिवणाऱ्यांकडे वॉकिंग फूट मशीन असतं, ज्याचा वरचा पायही कापडासोबत चालतो. सगळं चिकटवून, खुणा करून त्यांच्याकडे न्या आणि शेजारी उभं राहून शिवून घ्या. सुई चामड्याची, टाका चार मिलिमीटरचा.

झिपच्या आतून चार सेंटीमीटर रुंद पातळ चामड्याची पट्टी एका बाजूनं शिवा. नाहीतर दात ब्रीचेस चावतात, आणि तोच वळ नव्या जागी उमटतो.

बाकीच्या जोडण्या

वर, झिपच्या टोकावर, एक लहान जीभ आणि टिचबटण. रनर वर गेल्यावर त्याच्यावरून ही जीभ बसते, म्हणजे रपेटीत झिप उतरत नाही. खाली पेटीवर तशीच दुसरी. टिचबटणाच्या मागे चामड्याचा आणखी एक गोल तुकडा घालाच. एकेरी चामड्यातून बटण ओढून निघतं. आणि आधी टाकाऊ तुकड्यावर ठोकून जोराचा अंदाज घ्या.

बुटाखालून, टाचेच्या पुढून, जाणारं इलॅस्टिक अडीच ते तीन सेंटीमीटर रुंद. चॅप्स वर सरकू नयेत हे त्याचं काम. चिखल आणि रिकिबीची घासणी यांमुळे सगळ्यात आधी हेच तुटतं, म्हणून ते शिवून टाकू नका. दोन्ही टोकांना टिचबटण लावा, बदलता येईल.

क्रोमच्या चामड्याची कापलेली कड घासून चमकत नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि कडेचा रंग दोन पातळ हातांत लावा. वरची कड मी पातळ बकरीच्या चामड्याच्या पट्टीनं मढवतो, ती गुडघ्यामागे मऊ लागते. या एका जागी बकरीचं चामडं शोभतं.

घोड्यावर जाण्याआधी

जुना नायलॉनचा पायमोजा हातात घालून चॅप्सच्या आतल्या बाजूवरून, म्हणजे जी बाजू घोड्याला लागणार तिच्यावरून, वरखाली फिरवा. मोजा कुठंही अडकला तर तिथं दोऱ्याचं टोक, धातूची कड किंवा सुटलेला दोरा आहे. तो काढा. मोज्याचा धागा ज्यात अडकतो ते घोड्याच्या अंगाला आणि खोगिरालाही ओरखडतं. बुटाखालच्या इलॅस्टिकचं टिचबटण सोडलं तर आतल्या बाजूला टिचबटण, रिव्हेट, बकल काहीच नको. झालरही मी लावत नाही.

नवं चामडं खोगिरावर करकरतं. पातळ सॅडल सोप (चामड्याचा साबण) लावून पुसलं की आवाज कमी होतो. घोड्याला चॅप्स आधी हुंगू द्या, मानेवरून-खांद्यावरून हळू फिरवा, मग चढा. पहिली रपेट अर्ध्या तासाची आणि चालीचीच. उतरल्यावर पायावर लाल खुणा कुठं आहेत ते पाहा. वरच्या कडेची खुण पुढच्या काही दिवसांत जाईल. झिपच्या बाजूची खुण राहिली तर आतली पट्टी सरकलीय, ती पुन्हा शिवावी लागेल.

पूर्ण चॅप्स करायचे असतील तर

वीस ते पंचवीस चौरस फूट चामडं, दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं. बैठक आणि जांघेचा भाग उघडा राहतो. कंबरेचा पट्टा कमरेवर नव्हे, नितंबाच्या हाडांवर, मागे बकलनं बसतो. झिप बाहेरच्या अंगानं मांडीपासून खाली. मापाला मांडीचे दोन घेर आणि गुडघ्याचा घेर जास्तीचे, तेही बसवून. पुढं कंबरेशी दोन्ही पायांना जोडणारी दोरी मात्र बारीक चामड्याचीच ठेवा. वेस्टर्न खोगिराला पुढं उंच शिंग असतं. स्वार पडताना पट्टा त्यात अडकला तर ही दोरी तुटली पाहिजे, नाहीतर माणूस घोड्याला लटकून ओढला जातो. मजबूत करायची म्हणून कुणी तिथं जाड पट्टा लावून मागितला तर मी नाही म्हणतो.

वापरात

रपेट झाली की ओलसर फडक्यानं घामाचं मीठ पुसा, आणि सावलीत, मोकळ्या हवेत टांगा. नागपूरच्या मे महिन्यातल्या गच्चीवर ठेवलेलं चामडं एका दुपारीत पापडासारखं होतं. कूलर चालू असलेल्या खोलीतही ठेवू नका, ओल्या हवेनं आठवड्यात हिरवी बुरशी येते. पावसाळ्यात तर पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून वारा द्यायलाच हवा. बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका, मग पुसा. झिपच्या दातांतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढा आणि मेणबत्ती फिरवा. तेल नको, ते धूळ ओढतं. दोन महिन्यांतून एकदा कंडिशनर, तोही सुएडवर नाही. सुएड नुसतं ब्रशनं उभं करायचं.

भाचीची दुसरी जोडी आता तिसऱ्या वर्षात आहे. बुटाखालचं इलॅस्टिक चारदा बदललं, वरची जीभ एकदा. आतल्या सुएडवर रिकिबीच्या पट्ट्याची काळसर रेघ उमटली आहे, नेमकी तिथंच, गुडघ्याखाली चार बोटांवर.